केस गळतात की तुटतात? घरी केसांची निगा राखताना या चुका टाळा

पार्लरच्या खुर्चीत बसल्यावर बहुतेक बायकांचे पहिले वाक्य ‘ताई, केस फार गळतात हो’ हेच असते आणि त्यामागोमाग कोणते तेल लावू, कोणत्या गोळ्या घेऊ, हे प्रश्न येतात. मी उत्तर देण्याआधी त्यांच्याच कंगव्यात अडकलेले केस मागून घेते आणि ते एखाद्या काळ्या कापडावर पसरून दाखवते. मुळापासून गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसते आणि तो डोक्यावरच्या इतर केसांइतकाच लांब असतो. तुटलेल्या केसाला ही गाठ नसते, त्याची लांबी अर्धवट असते आणि टोक खरबरीत लागते. निरोगी माणसाचेही रोज 50 ते 100 केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात, त्यामुळे गाठ असलेल्या केसांची एवढी धास्ती घेण्याचे कारण नाही. कंगव्यात गाठ नसलेले तुकडेच जास्त निघत असतील, तर तेल किंवा गोळ्या शोधण्यापूर्वी आपण रोज केसांशी कसे वागतो ते तपासले पाहिजे.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 40 सेंटिमीटर लांब केसाचे टोक तीन वर्षांहून जुने असते आणि इतक्या काळातले ऊन, धूळ, साबण, रबरबँड हे सगळे त्याने सोसलेले असते. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला झालेली इजा आतून भरून येत नाही. म्हणूनच दुभंगलेली टोके ‘जोडणारे’ सीरम विकत घेण्यापेक्षा ती दोन बोटे कापून टाकावीत. अमावास्या-पौर्णिमा पाहून कापल्याने केस दाट होत नाहीत, हेही इथेच सांगून टाकते.

ओल्या केसांवर स्ट्रेटनर

सगळ्या चुकांमध्ये मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी चूक हीच आहे, कारण तिने झालेले नुकसान एका सकाळीत होते आणि भरून यायला वर्षे लागतात. एका साखरपुड्याच्या सकाळी केशरचनेसाठी मला मुलीच्या घरी बोलावले होते. मुलीचे केस कमरेपर्यंत, दाट आणि छान कुरळे. मी पोचण्याआधीच तिने केस धुतले होते, थोडा वेळ टॉवेल गुंडाळून ठेवला होता आणि ‘ताईंचे काम सोपे व्हावे’ म्हणून कपाळावरच्या बटांवरून स्ट्रेटनर फिरवायला सुरुवात केली होती. यंत्र सर्वांत वरच्या तापमानावर होते. खोलीत शिरताच चुर्र असा आवाज आला आणि बटेतून पांढरी वाफ उठताना दिसली. ती वाफ म्हणजे यंत्र नीट काम करत असल्याची खूण, असे तिच्या मावशी कौतुकाने सांगत होत्या. मी पहिल्यांदा कंगवा घातला, तेव्हा चार बोटे लांबीचे तुकडे तिच्या खांद्यावरच्या टॉवेलवर पडले. एकाच्याही टोकाला गाठ नव्हती.

केसात पाणी शिल्लक असताना त्याला एवढी उष्णता दिली, की आतले पाणी जागच्या जागी उकळते, त्याची वाफ केसाच्या आत बुडबुडे तयार करते आणि तिथे केस पोकळ होऊन पुढे तुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे बुडबुडे स्पष्ट दिसतात. घरातले बरेच स्ट्रेटनर 200 अंशांच्या पुढे, काही तर 230 अंशांपर्यंत तापतात आणि पाणी 100 अंशांना उकळते, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी ही चूक कोणी करणार नाही. त्या दिवशी मी यंत्र बंद करून बाजूला ठेवले, पाण्याचा हलका फवारा मारून उरलेल्या कुरळ्या बटा आपोआप वळू दिल्या, तुटलेले आखूड केस सागरवेणीत दाबून घेतले आणि त्यावर गजरा माळला. फोटो चांगले आले. पण कपाळावरचे ते केस लग्नापर्यंत काही पुरते वाढले नाहीत.

माझी सवय अशी आहे, की स्ट्रेटनर लावायचा असेल तर केस आदल्या दिवशी धुवायचे आणि मुळाशी बोटे घालून आतला थरही कोरडा असल्याची खात्री करून घ्यायची. बारीक आणि सरळ केसांना 150 अंशांच्या आसपासचे तापमान पुरते, जाड केसांनाही मी 180 च्या वर जात नाही, आणि एका बटेवरून यंत्र संथपणे एकदाच फिरवते. शिकायला येणाऱ्या मुली तापमान वाढवून वेळ वाचवू पाहतात, तेव्हा मी त्यांना ड्रायरसुद्धा हातात देत नाही. ज्यांना पाच मिनिटे थांबता येत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या डोक्याला यंत्र लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंचरण्याची घाई आणि न विंचरण्याचा आळस

सरळ, लाटदार आणि कुरळे हे तिन्ही प्रकारचे केस एकाच फणीने, एकाच पद्धतीने विंचरणे ही घराघरांत चालत आलेली चूक आहे. आपला प्रकार कोणता हे समजायला पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो बुडतो का ते पाहण्याची गरज नाही आणि त्या प्रयोगावर विसंबूनही राहता येत नाही. केस धुऊन, काहीही न लावता, हात न लावता वाळू द्यावेत आणि मग आरशात पाहावे. सरळ केसांवर टाळूचे तेल सहज खालपर्यंत उतरते, म्हणून ते लवकर चिपचिपीत दिसतात आणि त्यांना अधिक वेळा धुणे चालते. कुरळ्या केसांच्या वळणांवरून ते तेल टोकांपर्यंत पोचतच नाही, म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी, अशी त्यांची अवस्था होते. अशा केसांत कोरडेपणी बारीक दातांची फणी ओढली, की वळण मोडते, केस तुटतात आणि डोके झिपरे दिसू लागते. मग ‘हिचे केस वाईट आहेत’ असा शिक्का त्या मुलीवर लहानपणीच बसतो. केस वाईट नसतात.

कुरळे केस ओले असताना, कंडिशनरचा बुळबुळीतपणा अंगावर असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवावेत. सरळ केस मात्र ओले असताना ताणले जाऊन तुटतात, ते जवळजवळ वाळल्यावर विंचरावेत. दोन्हींत सुरुवात टोकांपासून करायची, वर जात जात शेवटी मुळाशी पोचायचे. गुंता असेल तर त्याच्या वरचा भाग दुसऱ्या हातात घट्ट धरावा, म्हणजे ओढ मुळावर येत नाही. नहाणे झाल्यावर मान झुकवून टॉवेलने केसांना फटके मारायची पद्धतही सोडून द्यावी. जुना, मऊ झालेला सुती पंचा केसांभोवती दाबून धरला की पाणी टिपले जाते. जाड टर्किश टॉवेलपेक्षा पंचा कधीही चांगला.

न विंचरण्याचे परिणाम याहून गंभीर होतात. तापाने अंथरुणाला खिळलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे केस आठवडेच्या आठवडे तसेच राहतात आणि मानेवर, जिथे डोके उशीवर घासते, तिथे गुंता घट्ट होऊ लागतो. केसाच्या बाहेरचे खवले घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात; ते उचकटले, की एक केस दुसऱ्यात अडकतो, त्यात घाम, तेल आणि साबणाचा चिकटा साठतो, आणि जड पाणी असेल तर तो चिकटा आणखीच वाढतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईच्या मानेवर असा लिंबाएवढा गोळा झाला होता आणि शेजारणीने ‘ही देवीची जट आहे, कात्री लावू नका, कोप होईल’ असे सांगितल्यामुळे घरचे कोणी हात लावायला धजत नव्हते. बिचारीला त्या कुशीवर झोपतासुद्धा येत नव्हते. मी तो गोळा खोबरेल तेलात भिजवला, कडेपासून एकेक केस विणकामाच्या सुईच्या टोकाने मोकळा करत गेले आणि आतला कडक झालेला भाग शेवटी कापून काढला. काम संपले तेव्हा तिने मानेवरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन अशा जटा काढतात, घरच्यांना समजावतात आणि ते काम फार मोलाचे आहे. जट हा न विंचरलेल्या केसांचा गुंता असतो, दुसरे काही नाही. आजारी माणसाची सैलशी वेणी घालून ठेवावी आणि दोन दिवसांनी ती सोडून पुन्हा घालावी, इतके केले तरी ती वेळ येत नाही.

तेल आणि कोंडा

खोबरेल तेलाबद्दलचा आपला विश्वास चुकीचा नाही. 2003 साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती आणि केसातले प्रथिन वाहून जाण्याचे प्रमाण फक्त खोबरेलाने कमी झाले. तो अभ्यास खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांचा होता, हे ध्यानात ठेवावे. पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते, त्यामुळे धुताना केस पाण्याने कमी फुगतो. त्यासाठी धुण्याआधी तास-दोन तास, केसांच्या लांबीवर आणि टोकांवर तेल लावणे पुरेसे आहे.

चूक होते ती कोंडा झाल्यावर टाळूवर वाटीभर तेल ओतून रात्रभर ठेवण्यात. कोंड्यामागे टाळूवर राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि टाळूवरचा स्निग्धांश हेच तिचे खाद्य आहे. तेलाने पापुद्रे भिजून दिसेनासे होतात, म्हणून कोंडा गेल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी दुपटीने दिसतो. औषधी दुकानात मिळणारा दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, फेस तीन ते पाच मिनिटे टाळूवर ठेवून वापरावा. बहुतेक जणी तो लावतात आणि लगेच धुऊन टाकतात, मग ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. खाण्याचा सोडा केसांना लावू नका. तो अल्कधर्मी असल्याने खवले उचकटतात आणि केस राठ होतात. शांपू तळहातावर पाण्यात मिसळून टाळूला लावा आणि कंडिशनर फक्त कानाखालच्या लांबीला. शिकेकाई उत्तम आहे, पण बाजारच्या भरड पुडीने टाळू खरवडू नका. ती भिजवून, उकळून, गाळून घ्या. मेंदी मुळात तांबूस रंग देते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत पीपीडी हे रसायन असते आणि त्याने डोळे सुजेपर्यंत त्रास झालेला मी पाहिला आहे, म्हणून कानामागे थोडी लावून 48 तास थांबल्याशिवाय डोक्याला लावू नका. घरात, बंद न्हाणीघरात केस सरळ-गुळगुळीत करणारी केराटिन ट्रीटमेंट तर मुळीच करू नका. त्यातल्या कित्येक मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो.

केशरचना करताना

बारीक, सरळ केसांचा अंबाडा घसरतो म्हणून आकड्यांवर आकडे खोचले जातात. खरे कारण केस त्याच सकाळी कंडिशनर लावून धुतलेले असतात हे आहे. आदल्या दिवशी धुतलेल्या केसांना पकड असते आणि निम्म्या आकड्यांत अंबाडा बसतो. कुरळ्या केसांना वळण टिकवण्यासाठी घरातले जवस पुरते: दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावे, पाण्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे. थंड होऊ दिले तर ते गाळता येत नाही, आणि इथेच बहुतेकींचा प्रयत्न फसतो. ते फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. ओल्या केसांना लावल्यावर केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

लग्नानंतरच्या रात्री, बॅककोंबिंग (केस उलटे विंचरून फुगवणे) आणि स्प्रे असलेले केस दमलेल्या अवस्थेत कोरडेच विंचरायला बसू नका. आकडे मोजून काढा, कोरड्या केसांनाच भरपूर कंडिशनर लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि मग बोटांनी सोडवा. रोज कपाळ ताणले जाईल इतकी घट्ट वेणी किंवा पोनीटेल बांधणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात. सुरुवातीला सैल बांधले तर ते परत येतात. वर्षानुवर्षे ओढत राहिले तर मुळे कायमची मरतात. शाळकरी मुलींच्या वेण्या घालणाऱ्या आयांनी हे मनावर घ्यावे.

एवढे सांभाळूनही कंगव्यात गाठ असलेलेच केस मूठमूठ येत असतील, तर तो प्रश्न पार्लरचा नाही. मोठा ताप, बाळंतपण किंवा अशक्तपणा यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागणे नेहमीचे आहे आणि ते बहुधा आपोआप थांबते. तरीही हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. त्या जागी कच्चा लसूण चोळू नये, त्याने कातडी भाजते, आणि डॉक्टरांना चाईच्या आधी त्या जखमेवर उपचार करत बसावे लागते.