मेनोनाइट कॅम्पवर काउन्सिलर म्हणून जाताना

जे-१ व्हिसावर (अमेरिकेचा देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा) मुलांना सांभाळणारा काउन्सिलर म्हणून मला पेनसिल्व्हेनियातला मेनोनाइट चर्चचा, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा, समर कॅम्प मिळाला, तेव्हा नागपुरात घरी पहिला प्रश्न आला, "ते घोडागाडीवाले का?" घोडागाडीवाले म्हणजे मुख्यतः आमिश, ते १६९३च्या सुमारास याच परंपरेतून फुटले. कॅम्पवरची माणसं जीन्स घालतात, गाड्या चालवतात.

जाण्याआधी थोडा इतिहास वाचा, नाहीतर तिथला अर्धा कार्यक्रम डोक्यावरून जाईल. १५२५ साली झुरिचमध्ये काही जणांनी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नाकारला; जाणत्या वयात स्वतः ठरवून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं. १५३६ मध्ये कॅथलिक धर्मगुरूपद सोडून आलेल्या मेनो सायमन्सवरून पंथाला नाव पडलं. तर मेनोनाइट घरात जन्मलं म्हणून कोणी आपोआप चर्चचं सभासद होत नाही. पोरांना स्वतः ठरवायचं असतं, आणि माझ्या मते कॅम्पचं खरं काम तेच आहे: आईबापांपासून लांब, झाडीत, समवयस्कांबरोबर राहून त्यांना विचार करू देणं.

हे कॅम्प उभे राहिले तो काळही बघा. मेन-ओ-लान १९४१चा, लॉरेलव्हिल १९४३चा, म्हणजे ऐन महायुद्धातले. तेव्हा बंदूक धरायला नकार देणारे सुमारे बारा हजार तरुण सरकारमान्य नागरी सेवेत जंगलांत, मनोरुग्णालयांत राबत होते. त्यांतला सर्वांत मोठा गट मेनोनाइटांचा.

शेकोटीभोवती डर्क विलेम्सची गोष्ट हमखास निघते. १५६९ मध्ये याच परंपरेतला हा डच कैदी गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून पडला, तर याने परत फिरून त्याला वाचवलं. मग पकडला गेला आणि जाळला गेला. आमच्या केबिनमधला एक मुलगा तडक म्हणाला, "मी पळालो असतो." त्याला कोणी गप्प केलं नाही, उलट त्यावरच गप्पा रंगल्या. मला तो कॅम्प तिथे आवडला.

मुलाखतीत श्रद्धेबद्दल विचारतात. मी ख्रिस्ती नाही, भक्तीच्या वेळी मुलांसोबत बसेन पण प्रार्थना सांगणार नाही, हे आधीच सांगितलं. ते काम जोडीदार काउन्सिलरने घेतलं. असं बसणंही जमणार नसेल तर दुसरा कॅम्प मागा. वाद्यांशिवाय चार सुरांत गातात ते मात्र चुकवू नका.

काउन्सिलरच्या जे-१ व्हिसाला वय किमान अठरा लागतं, मुक्काम जास्तीत जास्त चार महिने. या व्हिसावर स्वयंपाक किंवा भांडी घासण्याच्या नोकरीवर ठेवता येत नाही, हा नियम पाठ असू द्या. पैसे बेताचे.

आणि छत्तीसगडमधलं धमतरी कुठे आहे ते नकाशात बघून जा. अमेरिकन मेनोनाइट १८९९ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत तिथे पोचले. तेव्हा तो भाग मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर. एका आजोबांनी मला पहिल्याच जेवणाला विचारलं, "धमतरी तुमच्या घरापासून किती लांब?"