जुनी ट्रॉलर यॉट नीट करायचीय? इंजिन राहू दे, आधी डेक उघडा

जुनी ट्रॉलर यॉट, म्हणजे मासेमारीच्या ट्रॉलरच्या बांध्याची, सावकाश चालणारी राहायची मोटरबोट, घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, इंजिन किती तास चाललंय? मग सगळी चर्चा इंजिनावरच अडकते. १९७० आणि ८० च्या दशकातल्या या बोटी, म्हणजे सिंगापूरला बनलेल्या ग्रँड बँक्स घ्या किंवा तैवानहून अमेरिकेत आलेल्या ३४-३६ फुटी बोटी घ्या, त्यातल्या पुष्कळ बोटींत फोर्ड लेहमन १२० असतं. सहा सिलिंडरचं, मुळात इंग्लंडच्या फोर्डचं ट्रकचं डिझेल, बोटीसाठी बदलून घेतलेलं. सात नॉटच्या चालीवर ते दिवसभर तक्रार न करता चालतं. तेल वेळच्या वेळी बदला, कूलर तपासा, इंजेक्शन पंपाचं तेल वेगळं असतं ते दर ५० तासांनी बदला, आणि इंजिनाचा विषय तिथेच सोडा. इंजिनामुळे भंगारात गेलेल्या बोटी मी फार कमी बघितल्यात. डेक कुजल्यामुळे गेलेल्या मात्र जवळपास प्रत्येक मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, एखादी तरी उभी असते.

मी वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंडच्या काठी राहते. इथे ऑक्टोबरपासून वसंत संपेपर्यंत रिपरिप चालूच, आणि बोटीला खरा धोका त्या पावसाचा आहे, समुद्राचा नाही. लाकूड खाऱ्या पाण्यात बरंच टिकतं, गोड्या पाण्याने कुजतं. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात, समुद्र खवळतो हे कारण आहेच पण होडीत पावसाचं पाणी साचू नये हेही आहेच की. इथे लोक लाख डॉलरची बोट सहा महिने उघड्यावर ठेवतात आणि मग छतातून पाणी का गळतं म्हणून विचारतात.

आता या बोटींचं डेक कसं असतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सगळ्यात वर सागवानाच्या पट्ट्या. त्याखाली फायबरग्लासचा थर, चारेक मिलीमीटरचा. मग लाकडाचा गाभा म्हणजे कोअर, कुठे बाल्सा हे हलकं लाकूड तर कुठे प्लायवुडचे किंवा इतर लाकडाचे चौकोनी तुकडे. आणि खाली परत फायबरग्लास. सागवान स्क्रूने बसवलेलं असतं आणि तो प्रत्येक स्क्रू वरचा थर भेदून कोअरमध्ये गेलेला असतो. ३६ फुटी बोटीत असे स्क्रू हजाराच्या वर. चाळीस वर्षांत पट्ट्यांमधलं काळं रबर सुटतं, स्क्रूवरची लाकडी बुचं उडतात, आणि तेवढ्या सगळ्या भोकांतून पाणी आत जायला लागतं. लोखंडी डिझेल टाक्या गंजतात त्याही बहुतेकदा वरूनच, डेकवरच्या डिझेल भरायच्या तोंडाशी गळतं आणि पाणी टाकीच्या माथ्यावर साचून राहतं. म्हणून मी कायम सांगते, टाक्या, खिडक्या, आतलं लाकूडकाम, यातल्या कशालाही डेकच्या आधी हात लावू नका. वरून गळत असताना आत पॉलिश करण्यात काही अर्थ नाही.

ओलं कुठे आहे ते शोधा

प्लास्टिकच्या तोंडाचा छोटा हातोडा घ्या आणि अख्खं डेक वाजवत जा. माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तसंच. चांगला भाग टणटण वाजतो, कुजलेला बद्द. मास्किंग टेपने हद्द आखत चला. मॉइश्चर मीटरवर एकट्यावर भरवसा नको, ओल्या सागवानावर किंवा खाली पाण्याची टाकी असली की तो काहीही दाखवतो.

मग खात्री करायला भोक पाडा, पण वरून नाही, आतून, कपाटाच्या छतातून वगैरे, आणि ड्रिल बिटला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या म्हणजे वरचा थर फुटणार नाही. भुसा काय रंगाचा निघतो ते बघा. फिका आणि कोरडा निघाला तर नशीब. तपकिरी, दमट आणि बोटांत चिकटणारा निघाला तर कूज सुरू झालीय. आणि बिट बाहेर काढल्यावर भोकातून कोऱ्या चहासारखं पाणी ठिबकायला लागलं तर तेवढा भाग संपला, तिथे वाद घालू नका. बोट अजून विकत घ्यायची असेल तर हे भोकाचं काम मालकाच्या परवानगीने सर्व्हेच्या, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीच्या, वेळीच करून घ्या. तो नाही म्हणाला तर दुसरी बोट बघा.

इंजेक्शनचा सल्ला ऐकू नका

बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात मला छातीठोकपणे सांगितलं होतं की डेकला भोकं पाडा, पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळले की घट्ट होणारी राळ) सोडा, ती लाकडात भिनते आणि डेक दगडासारखं होतं. नाही होत. ओलं लाकूड इपॉक्सी पीत नाही. ती भोकाभोवती रुपया-दोन रुपयाएवढी पसरते आणि थांबते, मधलं पाणी तसंच कोंडून राहतं आणि कूज आतल्या आत चालू राहते. शिवाय पुढे कधी डेक उघडाल तेव्हा लगद्यामध्ये हे टणक खडे छिन्नीने फोडत बसावं लागतं. फार वैतागवाणं काम आहे ते. सागवानाच्या फटी नव्याने भरून वरून सील करणं हेही तसंच, ओल आत राहिली की काम झालेलं नाही.

ओलं कोअर असेल तर वरचा थर कापून, सगळं खरवडून, नवीन घालूनच बंद करावं लागतं. दुसरा रस्ता नाही. यार्डाला दिलंत तर बिल बोटीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतं, पण हे काम घरच्या माणसांना जमण्यासारखं आहे, चिकाटी हवी.

तयारी

कोरडे महिने निवडा, आमच्याकडे जुलै-ऑगस्ट. वर ताडपत्रीचा पक्का तंबू हवाच. पाण्यात उभ्या बोटीवर ग्राइंडिंग बऱ्याच मरीनांत चालत नाही, स्वतः काम करू देणारं यार्ड आधी शोधून ठेवा. पी१०० फिल्टरचा मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे, यात तडजोड नाही. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा अंगात बसली की जन्मभर जात नाही, आणि हाताला लागलेली इपॉक्सी अॅसिटोनने धुवायची नाही, अॅसिटोन ती कातडीत आणखी आत नेतं. बिनपाण्याच्या हँड क्लीनरने पुसा, मग साबण.

सागवान काढणं सोपं आहे, बुचं काढा, स्क्रू काढा, पट्ट्या पहारीने उचला. आपल्या लोकांचा सागवानात जीव अडकतो, माझाही अडकला होता, पण झिजून पातळ झालेल्या पट्ट्या परत डेकवर बसवू नका. घरी त्याची फळी करा, ट्रे करा.

खरं काम: कोअर

या टप्प्याने मला सगळ्यात जास्त दमवलंय म्हणून इथे जरा सविस्तर.

कापण्याआधी खालून आधार द्या. ही गोष्ट कुणी सांगत नाही. डेकला मधे किंचित फुगवटा असतो, पाणी बाजूला वाहून जावं म्हणून. वरचा थर आणि कोअर काढलं की खालचा पातळ थर स्वतःच्या वजनाने खाली बसतो, आणि त्या अवस्थेत नवीन कोअर चिकटवलंत तर खड्डा कायमचा, पुढे दर पावसात तिथेच तळं. आतून प्लायवुडचा पत्रा छताला लावून त्याखाली टेकू द्या, फुगवटा दोरी ताणून मोजून घ्या, मगच करवत उचला.

सर्क्युलर सॉची खोली वरच्या थराएवढीच ठेवा. केबिनच्या भिंतीपासून आणि कडेपासून पाचेक सेंटीमीटर पट्टी सोडून कापा, नंतर नवीन काच, म्हणजे फायबरग्लास, जोडायला ती लागते. एका वेळी डेकचा एकच भाग उघडा. अख्खं डेक एकदम उघडणाऱ्यांच्या बोटी तशाच उघड्या पडलेल्या बघितल्यात मी.

कोअर काढताना कुजका भाग हाताने निघतो, वास मात्र तळघरासारखा. चांगला भाग छिन्नीने काढावा लागतो, छिन्नी आडवी धरा, उभी घातलीत तर खालच्या थरातून थेट केबिनमध्ये. सोडलेल्या पट्टीच्या खालचं ओलं कोअरसुद्धा काढायचंय, तिथे अॅलन की वाकडी ड्रिलला लावून फिरवा, फिका कोरडा भुसा येईपर्यंत.

आणि आता वाळवणं. सगळी घाई इथेच होते, आणि इथेच कामं वाया जातात. खालचा थर हाताला कोरडा लागतो म्हणून कोरडा नसतो. पंखे, डिह्युमिडिफायर, गरज पडली तर हीट लॅम्प लावा, आणि मग संध्याकाळी पारदर्शक प्लास्टिकचा हातभर चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर पुन्हा पंखे. दव दिसेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दोन आठवडे जावोत की चार. यार्डाचं भाडं वाढतंय, सुट्टी संपतेय, सगळं खरं, पण ओल्यावर चिकटवलेलं कोअर सुटतंच.

वाळलं की ४०-६० ग्रिटने घासा, व्हॅक्युम करा, अॅसिटोनने पुसा. कोअर म्हणून मी बंद पेशींचा पीव्हीसी फोम वापरते, घनमीटरला ८० किलो किंवा त्याहून जड. बाल्सा वाईट नाही, उभ्या रेषांचा असेल तर पाणी आडवं फारसं पसरत नाही. प्लायवुड मात्र मी घालणार नाही, त्यात एकदा पाणी शिरलं की थराथरातून लांबवर जातं. विंडलस (नांगर ओढायचं यंत्र), क्लीट (दोर बांधायचा खुंटा), रेलिंगचे खांब येणार तिथे फोमही नको, तिथे भरीव फायबरग्लासचा जाड तुकडा घाला.

फोमचे तुकडे आधी कोरडेच बसवून बघा, नंबर घाला. मग खालच्या थराला आणि फोमच्या पाठीला नुसत्या इपॉक्सीचा हात द्या, त्यावर सिलिका घालून पीनट बटरएवढी घट्ट केलेली इपॉक्सी दातेरी थापीने पसरा आणि फोम सरकवत दाबा. कडांतून सगळीकडून इपॉक्सी वर आली पाहिजे, जिथे येत नाही तिथे खाली पोकळी आहे. वर प्लास्टिक, प्लायवुड आणि वाळूच्या पिशव्या. मिसळलेली इपॉक्सी खोल भांड्यात ठेवू नका, उथळ ट्रेमध्ये ओता, नाहीतर भांड्यातच तापून धूर निघतो. आणि हे काम दुपार उतरल्यावर करा. सकाळी केलंत तर ऊन वाढेल तशी फोममधली हवा फुगते आणि इपॉक्सीत बुडबुडे येतात.

दुसऱ्या दिवशी परत हातोडा. कुठे बद्द वाजलं तर दोन छोटी भोकं पाडून एकातून इपॉक्सी सोडा, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत. सिरिंजची जागा ही, कोरड्या नवीन कोअरखाली.

वर काच

सोडलेल्या पट्टीला उतार द्या, जाडीच्या बारापट. चार मिलीमीटरच्या थराला साधारण पाच सेंटीमीटर. लोक आळस करून दोन सेंटीमीटरवर भागवतात आणि दोन वर्षांत तिथे केसाएवढी चीर दिसायला लागते. १७०८ बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं फायबरग्लास कापड घ्या, हाताने केलेला एक थर मिलीमीटरच्या थोडा वर भरतो, जुन्या जाडीएवढे थर द्या. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं पण जुन्या थरावर जोडकामाला इपॉक्सीच. शेवटच्या थरावर पील प्लाय, म्हणजे वाळल्यावर सोलून काढायचं कापड, अंथरा. नाही अंथरलंत तर वर येणारा मेणचट थर पाणी आणि स्कॉचब्राइटने धुवायचा, आधी धुवायचा मग सँडिंग, उलट केलंत तर मेण आत घासलं जातं.

लेव्हल करणं, प्रायमर, नॉनस्किड पेंट, नेहमीचं काम. रंग फिका घ्या.

परत भोकं पाडताना

एवढं करून क्लीट बसवताना नुसतं भोक पाडून स्क्रू पिळलात तर परत पहिल्यापासून. भोक मोठं पाडा, फोम असेल तिथे आतून थोडा खरवडा, घट्ट इपॉक्सी भरा, वाळली की त्या इपॉक्सीत बोल्टचं भोक पाडा, तोंडाशी किंचित खोलगट करा आणि ब्युटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून हळूहळू, दोन-तीन दिवसांत मिळून आवळा. सिलिकॉन डेकच्या जवळपासही आणू नका, त्याचा अंश राहिला की त्यावर पुढे ना रंग बसत ना इपॉक्सी. आणि ३एमच्या ५२०० सारखं कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेनही क्लीटखाली नको, कधी काढायची वेळ आली तर क्लीटबरोबर डेकचा थरही उचकटून येईल.

प्रत्येक भागाची तारीख, फोमची जाडी आणि बोल्टच्या जागा आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की टॉर्च घेऊन प्रत्येक बोल्टखाली हात फिरवा, आणि आता टाक्या आणि खिडक्यांकडे वळा.