कोळसा खाणीलगतच्या विहिरी : पातळी आणि पाण्याची तपासणी कशी करावी

वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, घुग्घुस, माजरी, वणी, सास्ती या पट्ट्यात खुल्या कोळसा खाणी आहेत. खाणीलगतच्या गावांत दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात : विहीर आटली, किंवा विहिरीचे पाणी बिघडले. तक्रार पुढे गेली की बहुधा कोणीतरी पाण्याच्या एका बाटलीचा अहवाल आणतो, त्यात सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) ठीक असल्याचे लिहिलेले असते आणि प्रकरण तिथेच थांबते. शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांना स्वतः करता येईल अशी तपासणीची पद्धत पुढे दिली आहे. तिचा आधार एकच आहे : एका नमुन्यावरून काहीही सिद्ध होत नाही; पाण्याची पातळी आणि पाण्याचे रसायन ही दोन्ही, दोन ऋतूंत, तुलनेच्या विहिरीसह मोजली तरच निष्कर्ष काढता येतो.

सुरुवात नकाशाने करावी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ साली स्थापन झालेली संस्था असून तिचे १:५०,००० प्रमाणाचे भूवैज्ञानिक नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या गावाखाली कोणता खडक आहे, हे आधी त्यावर शोधावे. या खोऱ्यातला कोळसा बाराकार शैलसमूहात, म्हणजे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवाना गाळाच्या खडकांत आहे. त्याच्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी शैलसमूहाचा वालुकाश्म आहे आणि तो भरपूर पाणी धरतो. काही भागांत वर बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे, तर काही गावे चुनखडकावर वसली आहेत. कोळशापर्यंत पोचायचे तर पाणी धरणारा वालुकाश्मच खोदून काढावा लागतो आणि खाण कोरडी ठेवण्यासाठी रात्रंदिवस उपसा करावा लागतो. विहिरींवर होणाऱ्या परिणामाचे मूळ इथे आहे.

विहिरी निवडताना निदान चार प्रकारच्या घ्याव्यात : खाणीच्या कडेजवळची, खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्याच्या, म्हणजे ओबी डंपच्या पायथ्याजवळची, खाणीचे पाणी ज्या नाल्यात सोडतात त्या नाल्याकाठची आणि खाणीपासून दूर, चढाच्या बाजूची एक तुलनेची विहीर. ही शेवटची विहीर त्याच खडकातली आणि साधारण तेवढ्याच खोलीची असली पाहिजे. बेसॉल्टमधल्या विहिरीची वालुकाश्मातल्या बोअरशी तुलना केली तर जो फरक दिसेल तो खडकाचा असेल, खाणीचा नव्हे, आणि समोरचा तज्ज्ञ पहिला आक्षेप तोच घेईल.

पातळी मोजायला वजन बांधलेली मोजपट्टी पुरते. कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करावी, प्रत्येक वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करावी. मोजमाप पहाटे, मोटर सुरू होण्यापूर्वी घ्यावे, कारण नुकताच उपसा झालेल्या विहिरीची पातळी त्या परिसराची पातळी सांगत नाही. मे महिन्याच्या अखेरीस एक आणि ऑक्टोबरमध्ये एक अशा दोन नोंदी आवश्यकच आहेत. दर महिन्याला नोंद ठेवता आली तर फार उत्तम. शेजारी पावसाचे आकडेही लिहावेत, कारण कमी पावसाच्या वर्षी खाण नसलेल्या गावातही पाणी खाली जाते.

पाणी जमिनीखालून कोणत्या दिशेने वाहते हे ठरवण्यासाठी विहिरींच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. मोबाइलच्या जीपीएसमधली उंची कित्येक मीटरने चुकते, म्हणून जवळच्या तंत्रनिकेतनातल्या स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याचे उपकरण) लावून ती काढून घ्यावी. तिच्यातून पाण्यापर्यंतची खोली वजा केली की पाण्याची उंची मिळते. समजा, त्रिकोणात असलेल्या तीन विहिरींतली पाण्याची उंची १९०, १८७ आणि १८२ मीटर आली आणि पहिल्या व तिसऱ्या विहिरीत ८०० मीटर अंतर आहे. ८०० मीटरमध्ये ८ मीटरचा उतार, म्हणून १८७ मीटरची जागा त्या रेषेवर पहिल्या विहिरीपासून ३०० मीटरवर येईल. तो बिंदू मधल्या विहिरीशी जोडावा; त्या रेषेला काटकोनात, खालच्या पातळीकडे, पाण्याचा प्रवाह असतो.

ही आकडेमोड टाळू नये, कारण बहुतेक वाद इथेच अडतात. खाणीत उपसा चालू असतो तोवर भोवतालची पातळी खाणीकडे उतरत जाते आणि भूजल खाणीच्या दिशेने वाहते. त्यामुळे खड्ड्याजवळच्या विहिरी आटू शकतात, पण खड्ड्यातले दूषित पाणी त्यांच्यात शिरण्याची शक्यता त्या काळात कमी असते. पाणी बिघडते ते बहुधा दुसऱ्या दोन वाटांनी : ढिगाऱ्यांतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याने आणि उपसून नाल्यात सोडलेल्या पाण्याने. म्हणून खाणीच्या अगदी कडेची विहीर स्वच्छ आणि दोन किलोमीटरवरची नाल्याकाठची विहीर खराब, असे चित्र दिसले तर त्यात विसंगती काहीच नाही. तक्रारदाराला खोटे ठरवण्यासाठी नेमकी कडेची विहीर दाखवली जाते, तेव्हा हे नीट समजावून सांगता आले पाहिजे.

आता नमुना. हातपंप असेल तर आधी काही मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि विद्युतवाहकतेचे, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळले आहेत ते दाखवणारे आकडे स्थिर झाले की मगच बाटली भरावी. नळीत साचून राहिलेले पाणी गंजाचे असते. उघड्या विहिरीत बाटली पृष्ठभागाखाली साधारण एक फूट नेऊन भरावी, म्हणजे वरचा तवंग आत येत नाही. एक लिटरची पॉलिथिनची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी आणि टोपण बसवताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. सामू, तापमान आणि विद्युतवाहकता विहिरीवरच मोजावी, कारण प्रवासात कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि सामू बदलतो. लोह, मँगनीज अशा धातूंसाठी वेगळी छोटी बाटली लागते. तिच्यातले पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, सामू २ च्या खाली जाईल इतके नायट्रिक आम्ल घालून ठेवतात. हे काम प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच करून घ्यावे. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवाव्यात. एका विहिरीचे पाणी दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवावे; दोन्ही अहवाल जुळले तर प्रयोगशाळेवर विश्वास ठेवता येतो.

तपासणीत केवळ सामू मागितला तर फसगत होते. कोळशात आणि त्याच्या लगतच्या खडकांत पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज असते. ढिगाऱ्यात त्याला हवा आणि पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते. गोंडवाना कोळशात गंधक सहसा एक टक्क्याहून कमी असते आणि खडकांत कॅल्शियमचे कार्बोनेट असेल तर ते या आम्लाला लगेच उदासीन करते. मग पाण्याचा सामू ७.३ राहतो, पण आम्लाचे सल्फेट पाण्यातच उरते आणि विरघळलेल्या कार्बोनेटमुळे जडपणा वाढतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, अशी गावातल्या बायकांची तक्रार असते ती या जडपणाची, आणि ती मी नेहमी गंभीरपणे घेतो. सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, नायट्रेट आणि फ्लोराइड इतके घटक मागितल्याशिवाय तपासणी करूच नये.

अहवाल हातात आला की आधी त्याचाच हिशेब तपासावा. पाण्यातल्या धन आणि ऋण आयनांचे, म्हणजे विद्युतभार असलेल्या विरघळलेल्या कणांचे, भार समान असायला हवेत. प्रत्येक घटकाच्या मिलिग्रॅमला त्याच्या तुल्यभाराने, म्हणजे एका विद्युतभारामागे येणाऱ्या वजनाने, भागावे : कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२.२, सोडियम २३, पोटॅशियम ३९, बायकार्बोनेट ६१, सल्फेट ४८, क्लोराइड ३५.५, नायट्रेट ६२. उदाहरणादाखल, प्रतिलिटर कॅल्शियम १६०, मॅग्नेशियम ७३, सोडियम ६९ आणि पोटॅशियम ४ मिलिग्रॅम असेल तर ८ + ६ + ३ + ०.१ म्हणजे १७.१ होतात. बायकार्बोनेट ३०५, सल्फेट ४३२, क्लोराइड ७१ आणि नायट्रेट ३१ असेल तर ५ + ९ + २ + ०.५ म्हणजे १६.५. फरक ०.६, त्याला दोन्हींच्या बेरजेने, ३३.६ ने, भागले तर सुमारे १.८ टक्के. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर अहवाल परत करून फेरतपासणी मागावी.

याच उदाहरणातला जडपणा (८ + ६) गुणिले ५०, म्हणजे प्रतिलिटर ७०० मिलिग्रॅम येतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालते. जडपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. म्हणजे सामू निर्दोष असूनही हे पाणी दोन्ही कसोट्यांवर नापास आहे. हा दोष तुलनेच्या विहिरीत नसेल आणि ढिगाऱ्याकडून विहिरीकडे प्रवाह असल्याचे पातळीवरून दिसत असेल, तर खाणीशी संबंध जोडायला भक्कम आधार मिळतो.

सगळे खाणीवर ढकलू मात्र नये. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड खडकांमुळेच जास्त आहे; ते १.५ मिलिग्रॅमच्या वर आढळले तर दुसऱ्या पाण्याची सोय तातडीने करावी, पण दोष खाणीला देऊ नये. ४५ च्या वर गेलेले नायट्रेट बहुधा खते, गोठे किंवा शौचखड्डे यांतून येते. अहवालात हे वेगळे लिहिले तर उरलेल्या आरोपांना वजन येते.

खाणीपूर्वीचे आकडे कुठे मिळतील? केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी घेतलेल्या खाणीच्या आघात मूल्यांकन अहवालात आसपासच्या विहिरींची त्या वेळची पातळी आणि रसायन दिलेले असते. मंजुरीच्या अटींचे अनुपालन अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावे लागतात. ते संकेतस्थळावर सापडले नाहीत तर माहिती अधिकारात मागावेत आणि त्यातल्या विहिरी आपल्या यादीत घ्याव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदीही जिल्हा कार्यालयात मागता येतात.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज देताना नकाशा, तारखा, पातळ्या, मूळ अहवाल आणि वरील हिशेब जोडावा. निष्कर्ष दोन-तीन वाक्यांतच लिहावा आणि ‘विषारी’ यासारखे शब्द टाळावेत. खाण बंद झाल्यावरही नोंदी थांबवू नयेत. उपसा थांबला की खड्डा भरू लागतो, पातळी वर येते आणि प्रवाहाची दिशा उलटू शकते. तेव्हा आजवर स्वच्छ राहिलेल्या कडेच्या विहिरींची तपासणी पहिल्या पावसाळ्यापासून दर तीन महिन्यांनी करावी.