मेणखडूचं अमूर्त चित्र पाहताना या चुका टाळा

‘हे काय काढलंय?’ या प्रश्नापाशीच बहुतेकांचं पाहणं अडतं. मग निळ्यात समुद्र नि हिरव्यात माड शोधायचा, आणि तो सापडला की पुढे निघायचं. मुलांच्या चित्रांबाबत तर हे फारच वाईट, कारण मूल घाईघाईने ‘घर’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा ‘इथे इतकं दाबून का घासलंस?’ असं विचारा.

याहून मोठी चूक उजेडाची. मेणखडू म्हणजे पॅराफिन मेण आणि रंगद्रव्य. हात हलका असेल तर रंग कागदाच्या उंचवट्यांवरच बसतो, खळगे पांढरे राहतात. दाबून घासलं की खळगे भरतात आणि तकाकी येते. समोरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये हा फरक जवळजवळ पुसला जातो. चित्र खिडकीपाशी न्या, उजेड बाजूने तिरपा पडू द्या. हात कुठून कुठे गेला, कुठे थांबला, कुठला रंग नंतर आला, सगळं दिसू लागतं.

तरीही पोत कळत नसेल तर कुंपणाच्या चिऱ्यावर पातळ कागद धरा आणि खडू आडवा घासा. जांभ्या दगडाची भोकं नि कडा कागदावर उतरतील. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून याच पद्धतीने चित्रं सुरू केली. हे एकदा हाताने केलं की डोळा बदलतो, असं मला मनापासून वाटतं.

रंग ‘आवडला-नावडला’ यावर सोडू नका. निळ्याखाली पिवळा आहे का ते पाहा. जवळून दोन्ही वेगळे दिसतात, चार पावलं मागे गेलात की हिरवट भासतात. मूळ गोव्याच्या कुटुंबातले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) तैलरंगाचे थर रोलर आणि पॅलेट नाइफने चढवत नि काढत. त्यांच्या चित्रांपुढेही असंच मागेपुढे व्हावं लागतं.

जुन्या चित्रावर पांढुरकी साय दिसली तर बहुधा मेणच वर आलेलं असतं. मऊ सुती कापडाने अलगद पुसा. मात्र पावसाळ्यात कुबट वास आणि हिरवट-काळे ठिपके दिसले तर ती बुरशी, ती चोळू नका. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आणि लॅमिनेशन अजिबात नको. त्या उष्णतेने मेण वितळतं आणि पोत सपाट होऊन जातो.