कोंबड्या एकमेकींची पिसं उपटत असतील तर

परसातल्या 8 गावठी कोंबड्या एकमेकींच्या शेपटीजवळची पिसं उपटून रक्त काढायच्या. हळद लावली, शिंपल्यांचा चुरा दिला, उवांचं औषध मारलं; फरक शून्य. फार जीव तुटायचा.

शेवटी खुराडं मोजलं: 4 बाय 3 फूट, म्हणजे कोंबडीमागे जेमतेम दीड चौरस फूट. हवेत 3 ते 4.

आधी जखमी कोंबडी वेगळी काढली. मग खुराडं 8 बाय 4 केलं. बसायच्या बांबूवर प्रत्येकीला 10 इंच, आणि सगळे बांबू एकाच उंचीवर, कारण वरच्या जागेसाठीच जास्त भांडणं होतात. बाहेर 10 बाय 8 फुटांचं जाळीचं आवार; मुंगूस उकरतं म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरली. खाणं-पाणी दोन टोकांना. जखम भरल्यावर ती कोंबडी अंधार पडल्यावरच आत सोडली. टोचणं थांबलं, नवी पिसं फुटली.