या चुका टाळा: वर्षभराच्या भटकंतीचा हिशेब हार्ड डिस्कवरून

डिसेंबर संपत आला की मी एक रविवार घरातच काढतो आणि वर्षभराचे फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो. निवडक नव्हे, सगळे. यंदा साडेसतरा हजार निघाले. ठेवावेत असे एकतीस. बाकीच्यांत हवामानाचा किंवा पक्ष्यांचा दोष फार थोडा, बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यामागच्या माणसानेच घाई केली आहे. बरोबर येणाऱ्या नव्या मंडळींचे फोटोही मी बघतो आणि त्यांच्या चुका माझ्याच असतात. नवशिक्या मात्र दोष कॅमेऱ्याला देतो आणि जानेवारीत नवी लेन्स घेतो.

एसीतून थेट समुद्रावर

ही चूक मी दुसऱ्यांना दहा वेळा सांगितली आहे आणि यंदा स्वतः केली, म्हणून सविस्तर.

ऑक्टोबरात मालवणला होतो. काकूंनी रात्री जेवताना सांगितलं, "उद्या फाटफटी रापण ओढतले, बघूक जावा." उकाडा एवढा की एसी १८ वर लावून झोपलो. कॅमेऱ्याची बॅग एसीच्या झोताखाली, टेबलावर उघडी. पहाटे उठून बॅग खांद्याला मारली आणि पाच मिनिटांत किनाऱ्यावर.

देखावा जमला होता. होडीने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, पाण्यात अर्धवर्तुळात सोडलेलं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि प्रत्येक दोरावर माणसांची एक रांग, पाय वाळूत रोवून मागे झुकलेली. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी जाळ्याचं पोट बाहेर येतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर दूध. लेन्सवर, व्ह्यूफाइंडरवर, सगळीकडे बाष्प. सदऱ्याच्या टोकाने पुसलं. तीन सेकंद दिसलं, पुन्हा दूध. पुन्हा पुसलं. मग अक्कल गहाण टाकून लेन्सच काढली, मागची काच पुसायला. म्हणजे थंडगार सेन्सरवर खारी, दमट हवा मी स्वतःच्या हाताने सोडली. काच निवळायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. तोवर बांगडे टोपल्यांत पडले होते आणि वाटे घालायचं काम चाललं होतं. माझ्याकडे त्या सकाळचे बावन्न फोटो आहेत, बावन्नही धुक्यातले. मालवणात ऑक्टोबरात कसलं आलंय धुकं!

थंड वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर पाणी धरणारच, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखं. पुसून उपयोग नाही, कारण काच थंड आहे तोवर ती पुन्हा धरते. माझी सवय अशी: रात्रीच बॅग एसीच्या खोलीबाहेर ठेवायची, व्हरांड्यात किंवा न्हाणीघराबाहेरच्या बोळात. तशी जागा नसेल तर कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यायचा आणि पिशवी अर्धा तास उघडायची नाही. पाणी पिशवीच्या बाहेर धरतं. अर्धा तास थांबायचं म्हटलं की नव्या मुलांचे चेहरे उतरतात. उतरू देत.

दमटपणाचाच दुसरा अवतार म्हणजे बुरशी. आंबोलीत चार दिवस पावसात बेडूक शोधत हिंडायचं, पुण्यात आल्यावर ओली बॅग तशीच कपाटावर टाकायची आणि गणपतीनंतर उघडायची. मग मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून बघा: काचेच्या कडेला कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसतात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरणारे लोक अजून आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, तांदळाचा भुसा आत जातो, बाकी काही होत नाही. भांड्यांच्या दुकानातला रबरी झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला की झालं. त्याहून कोरडंही नको, रबर आणि आतलं वंगण सुकतं.

काजवे आणि उतावळे

मेच्या अखेरीपासून पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या पट्ट्यात काजव्यांसाठी जत्रा भरते. इंटरनेटवर झाड दिव्यांनी लखलखलेला फोटो पाहून लोक येतात आणि पहिल्याच फ्रेममध्ये आठ ठिपके आले की कॅमेऱ्याकडे संशयाने बघतात. अरे बाबांनो, तो एक फोटो नाही. एकाच जागेवरून काढलेल्या पन्नास-शंभर फ्रेम एकावर एक रचलेल्या असतात. म्हणजे दीड तास ट्रायपॉड हलवायचा नाही आणि स्वतःही फारसं हलायचं नाही. पहिल्या दहा मिनिटांतच "झालं का, जेवायला जाऊ या" सुरू होतं.

यंदा अकोले तालुक्यात मी सादड्याचं एक झाड हेरलं होतं. उजेड असतानाच खोडावर फोकस केला, ऑटोफोकस बंद केला, रिंगवर चिकटपट्टी लावली. इथवर शहाणपणा. मग अंधार पडल्यावर वाटलं, डावीकडची फांदी थोडी आत हवी, आणि झूम किंचित फिरवला. पट्टी फोकसच्या रिंगवर होती, झूमच्या नाही. बऱ्याच लेन्समध्ये झूम फिरला की फोकस सरकतो. मागच्या छोट्या पडद्यावर सगळंच शार्प दिसतं, त्यामुळे मी खुशीत. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, लेन्सचं छिद्र एफ २.८, पंचवीस सेकंद, अशा एकशे चाळीस फ्रेम. साडेअकराला गाडीत बसून एक फ्रेम मोठी करून बघितली. प्रत्येक काजवा लाडवाएवढा.

आता मी झूमलाही पट्टी लावतो आणि पहिली फ्रेम शंभर टक्के मोठी करून बघितल्याशिवाय दुसरी काढत नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळाच्या फोटोतले नको ते ठिपके काढणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर पंचवीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी पंचवीस सेकंद स्वतःशीच बसतो आणि तेवढे काजवे हुकतात. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी पट्टी.

आणि टॉर्च. काजव्यांचा प्रकाश तुमच्यासाठी नाही. नर उडत चमकतो आणि गवतात, झुडपात बसलेली मादी त्याला उत्तर देते. तिथे गाडीचे हेडलाइट मारले की तो संवादच तुटतो, गवत तुडवलं तर मादीच चिरडते. एका मुलाने "फक्त स्टोरी टाकतो" म्हणत मोबाइल उघडला आणि माझ्या तीन फ्रेम पांढऱ्या केल्या. त्याच्यावर मी ओरडलो, मान्य आहे. पुन्हा ओरडेन.

दुसऱ्या दिवशी सांदण दरीत सकाळच्या उन्हात पहिले साठ फोटो मी आयएसओ १६०० वरच काढले. रात्री कॅमेरा ठेवताना सगळं मूळ जागेवर आणायचं, ही सवय मला तेव्हा लागली. दिवसभराच्या दमणुकीनंतर कंटाळा येतो, तरी करायचं.

बाकीच्या, भराभर

भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, नावाड्याला "अजून जवळ घ्या, उडवा त्यांना" म्हणणारे मला सहन होत नाहीत. रोहित पक्षी पाण्यावर बराच पळत जाऊन मग उडतो, तुमच्या एका फोटोसाठी त्याचं चरणं थांबतं. नाव बंद करून वाट बघा, तो आपणहून सरकतो. उडत्या पक्ष्याला निदान १/२००० सेकंद ठेवा. चमकत्या पाण्यावर कॅमेरा घाबरून फोटो काळवंडतो, तिथे एक्स्पोजर थोडं प्लस करा. गर्द झाडीपुढच्या पांढऱ्या बगळ्याला मात्र मायनस.

कास पठारावर फुलांत लोळून फोटो काढू नका. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यावर बोटभर उंचीची सीतेची आसवं आणि गेंद. ज्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिथे ट्रायपॉडचा एक पायही कितीतरी झाडं मारतो. वाटेवरून टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) लावा, फुलांची दाटी उलट जास्त दिसते. आणि शनिवार-रविवारी जाऊ नका.

ताडोब्यात वाघ दिसला की बटण दाबून धरायचं नाही. बफर, म्हणजे कार्डावर जाईपर्यंत फोटो धरून ठेवणारी जागा, भरून कॅमेरा गप्प बसतो आणि नेमकं तेव्हाच वाघ मान वळवून बघतो. दोन-तीनच्या छोट्या झडी पुरतात. सगळी फ्रेम वाघाने भरू नका, पट्ट्यांचे पासपोर्ट फोटो ढिगाने आहेत, बांबूचं रान कुणाच्या फोटोत दिसत नाही.

नवरंग पक्ष्याला मोबाइलवर त्याचाच आवाज ऐकवून बोलावणं हा शॉर्टकट नाही, त्रास आहे. जूनमध्ये तो घरट्याच्या धावपळीत असतो. घरट्याचे फोटो मी काढत नाही, जागा कुणाला सांगत नाही.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढून सह्याद्रीच्या वाऱ्यात लाँग एक्स्पोजर काढू नका.

कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की काही कॅमेऱ्यांत तारीख मूळपदी जाते. माझे नोव्हेंबरचे नऊशे फोटो जानेवारीत जाऊन बसले होते आणि भिगवणचे पट्टकदंब पक्षी मी यंदा पाहिलेच नाहीत अशी माझी दुपारपर्यंत खात्री होती. आता प्रत्येक सहलीचा पहिला फोटो एसटी स्टँडवरच्या किंवा हॉटेलातल्या घड्याळाचा काढतो. यंदाच्या साडेसतरा हजारांत अशी सव्वीस घड्याळं सापडली, त्यातली दोन बंद पडलेली.