प्रेग्नन्सी टेस्टच्या किटवर फिकट लाइन आली तर?
पंचवटीतल्या मेडिकलमधून किट आणलं, घाईघाईत रात्रीच टेस्ट केली आणि मग मोबाईलचा टॉर्च मारून लाइन शोधत बसले, हे माझं झालंय म्हणून सांगते. पाळी चुकल्यावरच टेस्ट करा, आणि सकाळची पहिली लघवी घ्या कारण त्यात एचसीजी (गरोदरपणात तयार होणारं हार्मोन, किट तेच शोधतं) जास्त असतं, रात्री घटाघटा पाणी पिऊन केली तर गरोदर असूनही निगेटिव्ह दाखवू शकतं. सी ची लाइन (किट नीट चाललं हे दाखवणारी) आलीच नाही तर किट बाद, दुसरं आणा. टी ची, म्हणजे टेस्टच्या निकालाची लाइन फिकट गुलाबी असली, पण पाकिटावर दिलेल्या वेळेत, म्हणजे साधारण 5 मिनिटांत आली, तर बहुतेक पॉझिटिव्हच समजायचं. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून बघितलेली राखाडी रेघ धरू नका, ती लघवी वाळल्याची असते (सगळ्याच जणी बघतात, मीपण). शंका असेल तर 2-3 दिवसांनी परत करा, तोवर एचसीजी जवळपास दुप्पट होतं. आशाताईंकडे सरकारी निश्चय किट फुकट मिळतं, विचारून बघा. पॉझिटिव्ह आहे आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय किंवा ब्लीडिंग होतंय तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा, गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो.